मायलेज वाढवणारं तंत्रज्ञान तयार आहे, मग ते आपल्या गाडीत यायला इतकी वर्षं का लागतात?

"एका लिटरमध्ये १०० किलोमीटर धावणारी कार बनली होती, पण तेल कंपन्यांनी तिचं पेटंट विकत घेऊन कपाटात टाकलं." असा मेसेज किंवा रील तुमच्या फोनवर एकदा तरी आलीच असेल. माझ्याकडे तर महिन्याला एक येते आणि खाली कुणीतरी विचारलेलं असतं, "दादा, हे खरं आहे का?"

यातली अर्धी गोष्ट खरी आहे. तशी कार खरंच बनली. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये एक्सएल-१ नावाची गाडी विक्रीला आणली. छोटं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि प्लगवर चार्ज होणारी बॅटरी. कंपनीचा अधिकृत आकडा होता १०० किलोमीटरला ०.९ लिटर. ती कुणी लपवली नाही, उलट जगभर मिरवली. पण तिची बॉडी कार्बन फायबरची, सीट दोनच आणि किंमत एक लाख युरोच्या वर. फक्त २५० गाड्या बनवल्या.

आणि पेटंट कपाटात टाकता येत नाही. पेटंट घ्यायचं तर तुमची युक्ती कशी चालते ते जाहीर लिहून द्यावं लागतं. ते कुणीही वाचू शकतं आणि २० वर्षांनी त्यावरचा हक्कही संपतो.

म्हणजे अडचण लपवाछपवीची नाही. अडचण आहे हिशेबाची. इंधन वाचवणाऱ्या यंत्रणेचा खर्च आधी एकजण करतो आणि बचत पुढची दहा वर्षं दुसऱ्याच्या खिशात जाते. हा एक मुद्दा लक्षात ठेवलात तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी बघू, पेट्रोल जातं कुठे

आपल्याकडे कुणी मायलेज विचारत नाही, विचारतात "ॲव्हरेज किती देते?" ते ॲव्हरेज इतकं कमी का, ते आधी समजून घेऊ.

पेट्रोल इंजिनात १०० रुपयांचं पेट्रोल जाळलं तर रोजच्या वापरात ढोबळमानाने २५-३० रुपयांचीच ताकद कामी येते. बाकीची उष्णता बनून सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून निघून जाते, थोडी आतल्या घर्षणात संपते. हे वाया जाणारे पैसे कमी करायचे ओळखीचे मार्ग असे:

स्टार्ट-स्टॉप: गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की चालू. आमच्याकडे दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडतात. पर्यटनाच्या दिवसांत बोटीच्या रांगेत लोक एसी लावून, इंजिन चालू ठेवून बसतात. कारचं इंजिन असं नुसतं चालू राहिलं तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जातं, एक मीटरही पुढे न जाता.

डायरेक्ट इंजेक्शन: पेट्रोल बाहेरच्या नळीत न मिसळता खूप दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. आतली हवा थंड होते, त्यामुळे ती जास्त दाबता येते आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं.

टर्बो: धुराच्या जोरावर एक पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबायची. लहान इंजिन मोठ्याचं काम करतं.

ॲटकिन्सन सायकल: पिस्टन वर जायला लागला तरी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह थोडा उशिरा बंद करायचा. त्यामुळे मिश्रण कमी दाबलं जातं, पण स्फोटानंतर पूर्ण पसरतं. प्रत्येक थेंबातून जास्त काम निघतं, बदल्यात ताकद कमी मिळते.

स्ट्राँग हायब्रिड: ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवायची, कमी वेगात गाडी मोटरवर चालवायची आणि इंजिन त्याला झेपेल तिथेच वापरायचं.

यातलं काहीच काल-परवाचं नाही. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज इंजिनियरने ही कल्पना १८८० च्या दशकात मांडली. थेट इंजेक्शनचं पेट्रोल इंजिन मर्सिडीजच्या ३०० एसएल कारमध्ये १९५४ मध्ये होतं. टोयोटाची प्रियस ही हायब्रिड कार जपानमध्ये १९९७ मध्ये आली. आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांमध्ये स्ट्राँग हायब्रिड यायला २०२२ उजाडलं. म्हणजे २५ वर्षं गेली.

एकाच गाडीची दोन गणितं

माझा मामेभाऊ पर्यटकांसाठी गाडी घ्यायची म्हणतोय. दाभोळ, दापोली, मुरूड, कर्दे, पलीकडे गुहागर असा धंदा. कर्ज काढणार आणि हप्ता गाडीनेच फेडायचा. त्याचा प्रश्न साधा होता: "हायब्रिड घेऊ की साधी पेट्रोल?" आम्ही फोनवरच कॅल्क्युलेटर उघडला.

समजा हायब्रिड मॉडेल ३ लाखांनी महाग आहे. साधी पेट्रोल गाडी आपल्या रस्त्यांवर लिटरला १५ किमी देते आणि हायब्रिड २१. पेट्रोल १०५ रुपये. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या गाडीचे तुम्ही घाला.)

मी घरगुती वापर करतो, वर्षाला १०,००० किमी. साध्या गाडीला ६६७ लिटर लागेल, हायब्रिडला ४७६. वाचले १९१ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण २०,००० रुपये. ३ लाख वसूल व्हायला १५ वर्षं. तोवर गाडीचं रजिस्ट्रेशन नव्याने करायची वेळ येईल.

मामेभाऊ वर्षाला ३०,००० किमी चालवणार. त्याचे ५७१ लिटर वाचतात, म्हणजे ६०,००० रुपये. त्याचे पैसे ५ वर्षांत वसूल.

गाडी तीच, इंजिन तेच, उत्तरं दोन. आणि कार घेणारे बहुतेक लोक माझ्यासारखे असतात, त्याच्यासारखे नसतात. शिवाय शोरूममध्ये कुणी १५ वर्षांचा हिशेब करत नाही, हप्ता बघतो. ३ लाख जास्तीचे साडेनऊ टक्के व्याजाने ७ वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला सुमारे ४,९०० रुपयांनी वाढतो. माझी महिन्याची पेट्रोलबचत सुमारे १,६७० रुपये. हा सौदा मी कशाला करेन?

आता कंपनीच्या खुर्चीत बसा. समजा एका इंजिनात १०,००० रुपयांचा नवा भाग घातला तर ॲव्हरेज थोडं सुधारतं. वर्षाला दोन लाख गाड्या विकल्या तर हा खर्च २०० कोटींचा. बचत होणार ती गाडीमालकाची. कंपनीने किंमत वाढवली तर शेजारच्या शोरूममधली गाडी स्वस्त दिसते. तेच १०,००० रुपये मोठ्या स्क्रीनवर किंवा सनरूफवर घातले तर गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी खूश, आणि इन्स्टावर फोटोही जातो. उशिरा बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचा फोटो कोण टाकणार?

इंजिन म्हणजे ॲप नव्हे

फोनमध्ये बग निघाला तर रात्री अपडेट येतं. इंजिनाचं तसं नाही. इंजिनातला नवा भाग पाच वर्षांनी दगा देऊ लागला तर तोवर लाखो गाड्या रस्त्यावर असतात. प्रत्येक गाडी वर्कशॉपमध्ये आणून उघडावी लागते आणि वॉरंटीत असेल तर खर्च कंपनीचा.

ही भीती दाभोळमध्ये कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बंदरावर बोटीला इंजिन घेताना तांडेल डिझेल किती खातं ते विचारतोच, कारण धंद्याचा मोठा खर्च तोच. पण त्याआधी तो विचारतो की आत समुद्रात बंद पडलं तर हाताने दुरुस्त होईल का, आणि पार्ट कुठे मिळेल. थोडं जास्त डिझेल खाणारं पण ओळखीचं इंजिन त्याला चालतं. कार कंपनीचा विचारही साधारण याच वळणाचा असतो.

आणि ही भीती अगदीच पोकळ नाही. डायरेक्ट इंजेक्शन घ्या. जुन्या पद्धतीत पेट्रोल आत जाताना व्हॉल्व्ह धुऊन जायचं. थेट सिलिंडरमध्ये फवारल्यावर ते धुणं बंद झालं आणि व्हॉल्व्हच्या मागे काजळी साठायला लागली. टर्बो खूप तापतो, त्याला वेळेवर आणि योग्य ऑइल लागतं. "पुढच्या महिन्यात बदलू" ही सवय साधं इंजिन बराच काळ सहन करतं, टर्बो करत नाही. दाभोळसारख्या ठिकाणी खारी हवा, चार महिने धो धो पाऊस आणि कामाला कंपनीचा मेकॅनिक लागला तर दापोली, नाहीतर खेड किंवा चिपळूण गाठायचं. एकच गाडी लडाखपासून कोकणापर्यंत विकायची असते, त्यामुळे कंपनी इंजिन निवडते ते सगळ्यात वाईट परिस्थितीत टिकणारं.

पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. पण त्याचा ऑक्टेन जास्त असतो, म्हणजे मिश्रण जास्त दाबलं तरी ते वेळेआधी पेट घेत नाही. फक्त याच इंधनासाठी इंजिन बनवलं तर जास्त दाबाचं बनवून घट काही प्रमाणात भरून काढता येईल. मात्र तेच इंजिन साध्या पेट्रोलवरही चालायला हवं असेल तर तो फायदा सोडून द्यावा लागतो.

करात बसवलेलं इंजिन

तंत्रज्ञान, गिऱ्हाईक आणि कंपनी यांच्याशिवाय चौथा भिडू असतो सरकार.

२००६ च्या अर्थसंकल्पापासून आपल्याकडे 'छोटी कार' म्हणजे लांबी ४ मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशी व्याख्या आहे. त्यात बसलात तर कर कमी. पुढे जीएसटीतही ही रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के कर आहे.

आता ॲटकिन्सन इंजिन आठवा. त्याची ताकद कमी, म्हणून तेवढीच ताकद हवी तर सीसी जास्त लागते. पेट्रोल कमी पितं, पण सीसी मोठी. कर मात्र सीसी मोजतो, लिटर मोजत नाही. म्हणजे काटकसरी इंजिन बसवून गाडी वरच्या करात ढकलायची, असा उलटा खेळ. म्हणून आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची इंजिनं आधी करात बसवली जातात आणि मग ॲव्हरेजचा विचार होतो.

धोरण मध्येच बदललं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०१५ मध्ये केंद्राच्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिड गाड्यांनाही सवलत होती. मारुतीची सियाझ आणि महिंद्राची स्कॉर्पिओ अशा गाड्यांच्या डिझेल मॉडेलना ती मिळायची. १ एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिडची सवलत काढली. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला आणि मोठ्या हायब्रिड गाड्यांवर सेससकट ४३ टक्के कर बसला. इलेक्ट्रिक गाड्यांवर २०१९ पासून ५ टक्के. इंजिन बनवायला काही वर्षं जातात आणि त्याचा कारखाना पुढे १५-२० वर्षं चालवायचा असतो. दोन वर्षांत नियम फिरत असतील, आणि पुढे सगळंच इलेक्ट्रिक होणार अशी चर्चाही चालू असेल, तर नव्या पेट्रोल इंजिनावर मोठी रक्कम लावायला कुठलीही कंपनी बिचकेल.

कधी कधी इंधन वाचवणारं इंजिन आलेलं असतं आणि परत जातं. पुण्याजवळ रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. तेच इंजिन वेगवेगळ्या नावांनी मारुती आणि टाटाच्या गाड्यांतही होतं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा गाड्यांमुळे त्याला लोक गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. ॲव्हरेज उत्तम. पण एप्रिल २०२० मध्ये देश बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर गेला. छोट्या डिझेलचा धूर त्या मापात आणायचा तर महागडे फिल्टर बसवावे लागत होते आणि पाच-सात लाखांच्या गाडीला तो खर्च झेपणारा नव्हता. मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, मल्टिजेटचाही इथला प्रवास संपला. हवेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण त्या काळात सगळ्या कंपन्यांचा पैसा आणि इंजिनियर धूर स्वच्छ करण्यात गुंतले आणि ॲव्हरेजचं काम मागे पडलं, हेही खरं.

पुण्यातलीच दोन उदाहरणं

कुठलं तंत्रज्ञान पळतं आणि कुठलं रखडतं, हे बघायला परदेशात जायची गरज नाही.

पहिलं उदाहरण बजाजचं. २००३ मध्ये पल्सरमध्ये डीटीएस-आय आलं. कल्पना सोपी: सिलिंडरमध्ये एका स्पार्क प्लगऐवजी दोन. आग दोन्हीकडून लागते, मिश्रण लवकर आणि नीट जळतं. जास्तीचा खर्च फार नाही, गिऱ्हाईकाला ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही मिळालं आणि टाकीवर मिरवायला नावही मिळालं. बजाजने ते झपाट्याने आपल्या इतर बाइकमध्येही नेलं. मात्र इतरांनी काय केलं? २००७ मध्ये टीव्हीएसच्या फ्लेम बाइकमधल्या दोन प्लगवरून दोन्ही कंपन्यांत पेटंटचा खटला सुरू झाला आणि तो मिटला २०१९ मध्ये. पेटंटमुळे तंत्रज्ञान लपत नाही, पण दुसऱ्याच्या गाडीत जायला उशीर नक्की होतो.

दुसरं उदाहरण 'रेवोलो'चं. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने भारत फोर्जला सोबत घेऊन २०१० मध्ये हे किट जाहीर केलं. तुमच्या जुन्याच कारला बॅटरी आणि मोटर जोडून तिची हायब्रिड करायची, आणि इंधनाची कामगिरी ४० टक्क्यांहून जास्त सुधारेल, असा दावा होता. ऐकायला भारीच. पण गाडी बनवणाऱ्याची वॉरंटी अशा बदलानंतर कोण सांभाळणार? आरटीओत नोंद कशी करायची? जुन्या गाड्यांना हायब्रिड किट बसवण्याचे केंद्राचे नियम आले २०१६ मध्ये. तोवर सहा वर्षं निघून गेली होती. रेवोलो घराघरातल्या गाड्यांपर्यंत पोचलं नाही.

दोन्हीकडे डोकं पुण्याचंच होतं. फरक एवढाच की एकात खर्च कमी, फायदा लगेच आणि जबाबदारी एका कंपनीची. दुसऱ्यात खर्च जास्त, फायदा हळूहळू आणि जबाबदारी कुणाची ते ठरलेलं नाही.

चाचणीत पास, घाटात नापास?

कंपनी सांगते ते ॲव्हरेज येतं कुठून? गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत रोलरवर चालवून मोजतात. पुणेकर जिला एआरएआयची टेकडी म्हणतात, तिचं नाव याच संस्थेवरून पडलं. आजवर वापरात असलेल्या चाचणीत वेग ९० किमीच्या वर जात नाही, एसी बंद असतो आणि चढ तर नसतोच. दाभोळहून दापोलीला जाताना किती चढ-उतार आणि वळणं लागतात ते आलेल्यांना माहीत आहे. गाडीत सात माणसं, वर सामान आणि एसी चालू. त्या आकड्याशी आपला आकडा जुळणार कसा?

पण कंपनीला बक्षीस मिळतं ते चाचणीतल्या आकड्याचं. म्हणून चाचणीत उठून दिसणारं तंत्रज्ञान आधी येतं. स्टार्ट-स्टॉप याचं चांगलं उदाहरण आहे, कारण चाचणीत गाडी बरेचदा थांबते. प्रत्यक्षात एसी मंदावतो म्हणून कितीतरी ड्रायव्हर गाडीत बसल्या बसल्या त्याचं बटण बंद करतात.

मग हलवतं काय? नियम

कंपन्यांना हलवायला सरकारने जो नियम केलाय त्याला कॅफे म्हणतात. चहाशी संबंध नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांचा सरासरी धूर मोजायचा. २०१७-१८ पासून मर्यादा होती किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅम झाली. पेट्रोल गाडीच्या भाषेत ११३ ग्रॅम म्हणजे चाचणीत लिटरला साधारण २१ किमी. कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी वजनानुसार हा आकडा थोडा वर-खाली होतो. मोडला तर दंड.

याने हिशेबच बदलतो. आधी बचत फक्त तुमची होती, आता कमी ॲव्हरेजचा खर्च कंपनीलाही बसतो. २०२२ मध्येच मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाच्या हायराइडर, इनोव्हा हायक्रॉस या स्ट्राँग हायब्रिड आल्या. त्या अचानक शहाणपण सुचलं म्हणून आल्या नाहीत, असं मला वाटतं.

यात पळवाटाही आहेत. या सरासरीत एक इलेक्ट्रिक गाडी तीन गाड्यांइतकी आणि एक स्ट्राँग हायब्रिड दोन गाड्यांइतकी धरतात. थोड्या इलेक्ट्रिक गाड्या विकल्या की सरासरी खाली येते आणि बाकीच्या गाड्यांत जुनं इंजिन तसंच चालू ठेवता येतं. म्हणून पुढच्या टप्प्याच्या मसुद्यात छोट्या गाड्यांना सूट द्यायची का, यावर २०२५ मध्ये कंपन्यांचंच आपापसात जुंपलं. मारुतीला सूट हवी होती, टाटा आणि महिंद्राला नको होती. ज्याचा जसा माल, तशी त्याची बाजू.

सीएनजी मात्र बघा किती पटकन पसरला. कंपनी फिटेड किटचा जास्तीचा खर्च लाखाच्या आसपास आणि बचत पहिल्या महिन्यापासून दिसते. बूट सिलिंडरने भरतो ही तक्रार होती, तर टाटाने २०२३ मध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर फ्लोअरखाली बसवले. हिशेब जुळला की कंपन्या किती भराभर डोकं चालवतात ते यात दिसतं. आमच्यासमोर खाडीपलीकडे अंजनवेलला जहाजाने आलेला गॅस उतरतो. तिथून निघणारी पाइपलाइन दाभोळ-बेंगळुरू अशी आमच्या गावाच्या नावाने ओळखली जाते.

तर गाडी घेताना काय करायचं

१. कंपनीचा आकडा सोडा. तेच मॉडेल तुमच्यासारख्या रस्त्यावर चालवणाऱ्या दोन-तीन जणांना विचारा, आणि टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा हिशेब ज्याने केलाय त्याचंच ऐका.

२. वर केलेलं गणित करा. जास्तीची किंमत भागिले वर्षाची बचत. उत्तर पाच वर्षांच्या आत आलं तर विचार करण्यासारखं आहे. दहाच्या वर गेलं तर तुम्ही पेट्रोल वाचवायला नाही, हौस म्हणून पैसे देताय. हौसही करावी, पण माहीत असून.

३. वॉरंटी वर्षांत आणि किलोमीटरमध्येही वाचा. स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला साधारण ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी असते. मामेभावाच्या वापरात १.६ लाख किमी पाच वर्षं चार महिन्यांत होतात. म्हणजे पैसे वसूल झाल्यावर चारच महिन्यांत वॉरंटी संपते. त्याचा खरा नफा त्यानंतर सुरू होणार आणि जोखीमही तेव्हाच. पिवळ्या नंबरप्लेटला हीच वॉरंटी लागू आहे का, ते त्याने डीलरकडून लेखी घ्यायचं ठरवलंय.

४. सर्व्हिस कुठे होते ते बघा. टर्बो किंवा हायब्रिडचं काम करणारं वर्कशॉप तुमच्यापासून किती लांब आहे? तिथवर जाण्यात धंद्याचा एक दिवस बुडत असेल तर तो दिवसही खर्चात धरा.

५. फुकटचं तंत्रज्ञान आधी वापरा. टायरमध्ये बरोबर हवा, वेळेवर ऑइल, डिकीतलं नको ते सामान बाहेर आणि थांबल्यावर इंजिन बंद. स्टार्ट-स्टॉप गाडीत नसला तरी किल्ली तुमच्याच हातात आहे.

मामेभावाने अजून गाडी बुक केलेली नाही. सध्या तो वहीत लिहून काढतोय की गेल्या वर्षी भाड्याच्या गाडीवर कुठल्या महिन्यात किती किलोमीटर झाले. पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ रिकामे निघाले, म्हणजे वर्षाचे ३०,००० कदाचित २२,००० च होतील. तसं झालं तर पाच वर्षांचं उत्तर सातच्या जवळ जातं. तो आकडा पक्का झाल्याशिवाय कुठल्याही शोरूमची पायरी चढायची नाही, असं आमचं ठरलंय.